शस्त्रविषयक कायद्यांतील बदल आणि लष्करी धाटणीच्या रायफलींची नागरी मालकी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

राज्यसंस्थेची व्याख्या करताना मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने वैध बळाच्या वापरावरील मक्तेदारी हे तिचे प्रमुख लक्षण मानले आहे. ही मक्तेदारी कुठपर्यंत ताणावी आणि नागरिकाच्या हाती कोणते शस्त्र राहू द्यावे, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या इतिहासाच्या अनुरोधाने दिलेले आहे. शिकारीची बंदूक, शेताच्या राखणीची बंदूक, स्वसंरक्षणाचे पिस्तूल यांबाबत मतभेद असले तरी बहुतेक समाजांनी काही ना काही तडजोड स्वीकारलेली दिसते. सैन्यासाठी निर्माण झालेल्या रायफलीच्या नागरी आवृत्तीबाबत मात्र अशी तडजोड कठीण जाते. गेल्या चार दशकांत या एकाच शस्त्रप्रकारावरून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व ब्रिटन या देशांत कायदे झाले, बदलले, रद्द झाले आणि न्यायालयांत गेले.

या कायद्यांची चर्चा बहुधा 'बंदी हवी की नको' या एका प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी अपुरा आहे. बंदी घालणारे दोन कायदे वरवर सारखे दिसूनही त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध झाल्याची उदाहरणे आहेत. कायदा शस्त्राची व्याख्या कशी करतो, लोकांच्या घरात आधीच असलेल्या शस्त्रांचे काय करतो आणि ती शस्त्रे कोणाकडे आहेत हे शासनाला ठाऊक असते किंवा नाही, यांवर त्याची परिणामकारकता अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही प्रमुख कायद्यांचा विचार केला आहे.

'लष्करी धाटणी' म्हणजे काय?

चर्चेच्या सोयीसाठी रायफलींचे तीन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे ओढून नवे काडतूस नळीत भरावे लागते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीत, काडतूस आपोआप भरले जाते. परंतु प्रत्येक गोळीसाठी चाप स्वतंत्रपणे दाबावा लागतो. तिसरा प्रकार स्वयंचलित. यात चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. आधुनिक सैनिकाची रायफल सामान्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पद्धतींनी चालविता येते. तिच्यातील स्वयंचलित क्षमता काढून टाकली आणि उरलेली रचना तशीच ठेवली, तर जे शस्त्र उरते ते लष्करी धाटणीचे नागरी शस्त्र होय.

एआर-१५ ही रायफल याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर व त्याच्या सहकाऱ्यांनी तिची रचना केली. नावातील 'एआर' ही अक्षरे कंपनीच्या नावावरून आलेली आहेत. ती 'असॉल्ट रायफल' या शब्दांची आद्याक्षरे आहेत हा समज चुकीचा आहे. १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने तिचे हक्क विकत घेतले. तिची स्वयंचलित आवृत्ती एम-१६ या नावाने अमेरिकी सैन्यात गेली आणि अर्धस्वयंचलित आवृत्ती १९६० च्या दशकातच नागरिकांसाठी दुकानांत आली. पुढे पेटंटची मुदत संपल्यावर अनेक उत्पादक ही रायफल बनवू लागले.

या शस्त्राला काय म्हणावे यावरही एकमत नाही. विरोधक त्यास 'असॉल्ट वेपन' म्हणतात, तर उद्योगाने 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' असे सौम्य नाव रूढ केले आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. ज्या वस्तूला सर्वमान्य नाव नाही तिची कायदेशीर व्याख्या करणे किती अवघड असते, याचा प्रत्यय पुढे येईल.

स्वयंचलित शस्त्रांचा पूर्वानुभव

अमेरिकेत स्वयंचलित शस्त्रांचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर १९३४ साली राष्ट्रीय बंदूक कायदा संमत झाला. त्याने मशीनगनवर थेट बंदी घातली नाही. तिच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली. टोळ्यांच्या आवडीच्या थॉम्पसन बंदुकीची किंमतच त्या वेळी साधारण तेवढी होती, यावरून या कराचा भार लक्षात यावा.

यानंतरचा टप्पा १९८६ चा. त्या वर्षी संमत झालेला कायदा मुळात बंदूकधारकांवरील निर्बंध सैल करण्यासाठी आणला गेला होता. परंतु त्यात ऐनवेळी एक दुरुस्ती जोडली गेली आणि १९ मे १९८६ नंतर तयार झालेली मशीनगन खासगी नागरिकाने बाळगण्यास मनाई झाली. त्याआधी नोंदलेली शस्त्रे मालकांकडेच राहिली आणि त्यांची खरेदी-विक्रीही कायदेशीर राहिली. पुरवठा कायमचा गोठला, मागणी मात्र राहिली. परिणामी एकेकाळी काही शेकडा डॉलरना मिळणारे शस्त्र आज हजारो डॉलरचा संग्राह्य ऐवज झाले आहे. ज्याच्याकडे ते आहे त्याचे नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे शासनाकडे आहेत. नोंदलेल्या मशीनगनचा गुन्ह्यांतील वापर अत्यंत विरळ आहे. म्हणजे जुन्या शस्त्रांना अभय देऊनही कायदा परिणामकारक ठरला. परंतु त्यामागे अर्धशतकाची नोंदणी आणि मुळातच मर्यादित असलेली शस्त्रसंख्या उभी होती. आठ वर्षांनी रायफलींसाठी कायदा करताना या दोन्ही गोष्टी हाताशी नव्हत्या.

१९९४ चा संघीय कायदा : व्याख्येचा पेच

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर एके धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलीने गोळीबार झाला आणि पाच मुले मारली गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने या प्रकारच्या शस्त्रांवर निर्बंध घालणारा अमेरिकेतील पहिला राज्य कायदा केला, तर रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या प्रशासनाने अशा अनेक परदेशी रायफलींची आयात थांबविली. आयातबंदीचा लाभ अर्थातच देशी उत्पादकांना झाला.

संघीय पातळीवरील कायदा १३ सप्टेंबर १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अमलात आला. त्याने १९ शस्त्रांवर नावानिशी बंदी घातली. त्याशिवाय एक सर्वसाधारण कसोटीही दिली. ज्या अर्धस्वयंचलित रायफलीचे मॅगझिन काढता-घालता येते आणि जिच्यात घडी होणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसविण्याची खोबण, नळीच्या तोंडाशी ज्वाला झाकणारे उपकरण आणि ग्रेनेड फेकण्याची सोय यांपैकी किमान दोन गोष्टी आहेत, ती निषिद्ध. दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरही बंदी आली.

ही कसोटी बारकाईने पाहिली तर तिचा दोष ध्यानी येतो. मारकक्षमता ठरविणाऱ्या गोष्टी म्हणजे गोळीचा वेग, गोळीबाराची गती आणि एका दमात झाडता येणाऱ्या गोळ्यांची संख्या. कसोटीतील बहुतेक बाबींचा यांच्याशी संबंध दूरचा आहे. संगीन लावून कोणी शाळेवर चालून गेल्याचे उदाहरण नाही. (पिस्तुलासारख्या मुठीमुळे झटपट गोळीबारात पकड स्थिर राहते, हा युक्तिवाद मात्र अगदीच निराधार म्हणता येत नाही.) उत्पादकांनी कायद्याचा मजकूर वाचला, खोबण काढली, ज्वाला झाकणारे उपकरण काढले, दस्ता पक्का केला आणि तीच रायफल नव्या नावाने बाजारात आणली. मूठ तेवढी राहिली. एकच वैशिष्ट्य असल्याने ती कायद्यात बसत होती. कोल्टची 'मॅच टार्गेट' ही रायफल याच प्रकारची. यास कायदाभंग म्हणता येणार नाही. उलट तो कायद्याच्या शब्दाचा काटेकोर अंमल होता.

दुसरा दोष जुन्या साठ्याबाबतचा. कायदा लागू होण्यापूर्वी बनलेली प्रत्येक रायफल आणि प्रत्येक मॅगझिन यांची मालकी व विक्री कायदेशीर राहिली. नोंदणीची अट घातली गेली नाही. विधेयक चर्चेत असतानाच उत्पादकांनी उत्पादन वाढविले, ग्राहकांनी खरेदीची घाई केली. पुढे जुनी मॅगझिने परदेशांतूनही लाखोंच्या संख्येने आली, कारण तीही 'बंदीपूर्व' होती. ख्रिस्तोफर कोपर यांनी २००४ साली केलेल्या मूल्यमापनात बंदीपूर्वी या शस्त्रांचा बंदूक-गुन्ह्यांतील वाटा सुमारे २ ते ८ टक्के असल्याचे नमूद केले आहे. बंदीनंतर तो घटला; परंतु मोठ्या मॅगझिनचा मुबलक साठा शिल्लक राहिल्याने एकूण हिंसाचारावरील परिणाम निश्चितपणे दाखविता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. या अभिप्रायाचा उपयोग दोन्ही बाजू आपापल्या सोयीने करतात. वास्तविक त्यातून बंदी निरुपयोगी असते असे सिद्ध होत नाही, तसेच ती उपयोगी असते असेही नाही. या विशिष्ट कायद्याला काम करण्यास पुरेसा वाव मिळाला नाही, इतकेच त्यातून म्हणता येते.

कायद्यातच दहा वर्षांची मुदत घातलेली होती. १३ सप्टेंबर २००४ रोजी ती संपली आणि काँग्रेसने तो पुन्हा संमत केला नाही.

न झालेल्या कायद्याचा परिणाम

एखादा कायदा संमत न होताही समाजातील शस्त्रसंख्या बदलू शकतो, हे अमेरिकेच्या पुढील इतिहासाचे सर्वांत लक्षणीय अंग आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० मुले व ६ प्रौढ मारले गेले. नव्या बंदीची चर्चा तत्काळ सुरू झाली. त्या एका महिन्यात बंदूक खरेदीसाठी होणाऱ्या पार्श्वभूमी-तपासण्यांची संख्या सुमारे २७ लाख ८० हजार झाली. तोवरच्या कोणत्याही महिन्यापेक्षा ती अधिक होती. दुकानांतून एआर-१५ धाटणीच्या रायफली आणि मोठी मॅगझिने संपली. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटने बंदीचा प्रस्ताव ४० विरुद्ध ६० मतांनी फेटाळला. कायदा झाला नाही, पण त्याच्या भीतीने विकली गेलेली शस्त्रे लोकांच्या घरात कायम राहिली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास यात नवल वाटणार नाही. साखर महागणार अशी बातमी आली की दुकानासमोर रांग लागतेच. फरक इतकाच की साखर संपते, रायफल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. उद्योगसंघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार १९९० पासून अमेरिकी नागरिकांकडे गेलेल्या अशा रायफलींची संख्या २ कोटी ४४ लाखांच्या घरात आहे. हा अंदाज उत्पादकांच्या बाजूचा आहे हे ध्यानात घेऊनही त्याचा आवाका दुर्लक्षिता येत नाही. १९९४ चे कायदेमंडळ ज्या समस्येकडे पाहत होते, ती आजच्या तुलनेत लहान होती.

सँडी हूकनंतर काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. त्यांनी दोनऐवजी एकाच वैशिष्ट्याची कसोटी ठेवली आणि जुन्या शस्त्रांची नोंदणी सक्तीची केली. कनेक्टिकटमध्ये सुमारे ५० हजार शस्त्रे नोंदली गेली, तर कितीतरी मोठी लोकसंख्या असलेल्या न्यूयॉर्कमध्ये २०१५ च्या मध्यापर्यंत सुमारे ४४ हजारच. अनेक मालकांनी नोंदणी टाळली हा निष्कर्ष येथे अटळ आहे. कालपर्यंत कायदेशीर असलेली वस्तू बाळगणारा मनुष्य एका रात्रीत गुन्हेगार ठरतो आणि शासनाला त्याचे नावही ठाऊक नसते, अशी स्थिती कायद्याच्या प्रतिष्ठेला पोषक नाही.

कॅलिफोर्नियात व्याख्येचा लपंडाव वेगळ्या रीतीने चालला. तेथे काढता-घालता येणारे मॅगझिन ही कसोटी असल्याने, मॅगझिन बोटाने न निघता काडतुसाच्या टोकासारख्या अणकुचीदार वस्तूने कळ दाबल्यावरच निघेल अशी रचना बाजारात आली. 'काडतूस' हे कायद्याच्या भाषेत बोट नसून हत्यार होते. त्यामुळे ते मॅगझिन 'पक्के' ठरले. ही पळवाट बंद करण्यासाठी राज्याला २०१६ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. त्यावर उत्पादकांनी मूठच बदललेल्या रायफली आणल्या.

हीच गोष्ट सुट्या भागांची. अमेरिकी संघीय कायद्यानुसार रायफलीच्या चौकटीचा खालचा भाग म्हणजेच 'बंदूक'; क्रमांक त्यावर असतो आणि पार्श्वभूमी-तपासणी त्याच्या खरेदीवेळी होते. नळी, दस्ता, मॅगझिन हे भाग सामान्य मालाप्रमाणे विकले जातात. अर्धवट तयार चौकटी विकून ग्राहकाने घरी छिद्रे पाडून बंदूक पूर्ण करण्याचा प्रकार वाढला, तेव्हा संघीय यंत्रणेने २०२२ मध्ये अशा संचांनाही नियमाखाली आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो नियम वैध ठरविला. याउलट लास व्हेगास येथील ऑक्टोबर २०१७ च्या हत्याकांडात वापरलेल्या 'बंप स्टॉक' या उपकरणावरील बंदी त्याच न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केली. हे उपकरण लावल्यास अर्धस्वयंचलित रायफल जवळजवळ मशीनगनच्या वेगाने चालते. परंतु प्रत्येक गोळीमागे चापाची क्रिया तांत्रिकदृष्ट्या स्वतंत्रच होते, म्हणून १९३४ च्या व्याख्येत ते बसत नाही, असे बहुमताने म्हटले.

ऑस्ट्रेलिया : साठाच परत घेण्याचा मार्ग

२८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने अर्धस्वयंचलित रायफलींनी ३५ जणांची हत्या केली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या पुराणमतवादी आघाडीला सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. ऑस्ट्रेलियात बंदूकविषयक कायदे करण्याचा अधिकार मुख्यतः राज्यांचा आहे. केंद्राच्या हाती प्रामुख्याने आयात. तरीही १० मे रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, सर्व राज्यांच्या पोलीसमंत्र्यांनी राष्ट्रीय बंदूक करार मान्य केला.

या कराराने शस्त्राच्या बाह्यरूपाचा विचारच सोडून दिला. अर्धस्वयंचलित रायफल आणि अर्धस्वयंचलित व पंप पद्धतीची शॉटगन ही यंत्ररचना हाच निकष ठरला. मूठ कशी, दस्ता कसा, हा प्रश्न उरला नाही. प्रत्येक शस्त्राची नोंदणी, परवान्यासाठी 'सबळ कारण' आणि खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा या अटी आल्या. स्वसंरक्षण हे सबळ कारण मानले जाणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन कायद्यांतील तात्त्विक अंतर या एका वाक्यात सामावले आहे.

नागरिकाची मालमत्ता न्याय्य मोबदल्याशिवाय केंद्राला घेता येत नाही, असे ऑस्ट्रेलियाची राज्यघटना सांगते. म्हणून निषिद्ध शस्त्रे विकत घेण्याची योजना आखली गेली आणि तिच्या खर्चासाठी आरोग्यसेवेच्या अधिभारात एका वर्षापुरती ०.२ टक्क्यांची वाढ करण्यात आली. सप्टेंबर १९९७ पर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार शस्त्रे जमा होऊन नष्ट झाली. ग्रामीण भागात, हॉवर्ड यांच्या स्वतःच्या मतदारवर्गात, या कायद्याला तीव्र विरोध होता. व्हिक्टोरियातील सेल येथे झालेल्या सभेत पंतप्रधान अंगरख्याखाली चिलखती जाकीट घालून बोलले. त्याचे छायाचित्र पुढे बरेच गाजले.

परिणामांविषयी अभ्यासक सावध आहेत आणि ते योग्यच आहे. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या व खून यांचे प्रमाण १९९६ पूर्वीच उतरू लागले होते. त्यामुळे पुढील घसरणीचे किती श्रेय कायद्याला द्यावे यावर मतभेद आहेत. सायमन चॅपमन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली आकडेवारी मात्र बोलकी आहे. पाच किंवा अधिक बळी गेलेली १३ सामूहिक हत्याकांडे १९७९ ते पोर्ट आर्थरपर्यंतच्या काळात घडली. कायद्यानंतर मे २०१६ पर्यंत असे एकही घडले नाही. देशातील बंदुकांची एकूण संख्या पुढे पुन्हा वाढली हेही खरे. परंतु ही वाढ परवान्याखालील अन्य प्रकारांत झाली, सामान्य नागरिकाच्या हातातील अर्धस्वयंचलित रायफलींत नव्हे.

न्यूझीलंड : मोजलेच नाही ते परत कसे घ्यावे?

ऑस्ट्रेलियाशेजारच्या न्यूझीलंडने १९९६ च्या करारातून धडा घेतला नाही. तेथे १९८३ च्या कायद्याने प्रत्येक बंदुकीची नोंदणी सोडून देऊन केवळ व्यक्तीला परवाना देण्याची पद्धत स्वीकारली होती. योग्य मनुष्य निवडला की त्याच्याकडे किती बंदुका आहेत हे मोजण्याची गरज नाही, असा तो विचार. १९९० मध्ये अरामोआना येथे १३ जण मारले गेल्यावर, १९९२ च्या दुरुस्तीने लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफलींचा वेगळा वर्ग करून त्यासाठी विशेष परवाना ठेवला. १९९७ मध्ये निवृत्त न्यायाधीश थॉमस थॉर्प यांच्या अहवालाने सर्व बंदुकांच्या नोंदणीची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

या विशेष वर्गाची व्याख्या बरीचशी मॅगझिनच्या क्षमतेवर अवलंबून होती. लहान मॅगझिन लावलेली रायफल साध्या परवान्यावर मिळे. मोठे मॅगझिन लावताच तीच रायफल विशेष वर्गात जाई. आणि मोठे मॅगझिन खरेदी करण्यास कोणताही परवाना लागत नसे! १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्या मारेकऱ्याने हेच केले होते. साध्या परवान्यावर रायफली, आणि त्यांना मोठी मॅगझिने. त्यातील पहिली पायरी पूर्णपणे कायदेशीर होती, दुसरी पायरी रोखणारे कोणी नव्हते. या मृतांमध्ये भारतीय वंशाचे लोकही होते.

सरकारने सहा दिवसांत आदेश काढला. १० एप्रिल २०१९ रोजी संसदेने ११९ विरुद्ध १ मताने बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली, मोठी मॅगझिने आणि त्यांचे भाग निषिद्ध केले. सहा दिवसांतील आदेशाचे महत्त्व येथे लक्षात घ्यावे लागते. कायदा होईपर्यंत लोकांनी खरेदीची झुंबड करू नये म्हणून बहुतेक शस्त्रे तत्काळ विशेष वर्गात टाकण्यात आली. अमेरिकेत २०१२ साली जे घडले ते येथे टळले.

परत खरेदीची मुदत २० डिसेंबर २०१९ रोजी संपली तेव्हा सुमारे ५६ हजार शस्त्रे आणि १ लाख ८८ हजार सुटे भाग जमा झाले होते. ही संख्या मोठी की लहान? योजना सुरू होण्यापूर्वी केलेला अंदाज ५५ हजार ते २ लाख ४० हजार असा होता. म्हणजे सरकारला यश जवळजवळ पूर्ण मिळाले, किंवा चतुर्थांशही मिळाले नाही. दोन्ही विधाने तितकीच समर्थनीय होती. नोंदणी सोडून दिल्याची किंमत ३६ वर्षांनी अशी चुकवावी लागली. प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवणारी व्यवस्था अखेर जून २०२३ मध्ये सुरू झाली.

कॅनडाचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. १९८९ साली माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांची हत्या झाली ती रुगर मिनी-१४ या अर्धस्वयंचलित रायफलीने. तिच्या दबावातून आलेल्या १९९५ च्या कायद्याने सर्व लांब बंदुकांची नोंदणी सुरू केली. पुढील सरकारने २०१२ मध्ये ती रद्द करून क्वेबेकखेरीज इतर प्रांतांचा तपशीलही नष्ट केला. मे २०२० मध्ये सुमारे १,५०० प्रकारच्या शस्त्रांवर बंदी आली तेव्हा एआर-१५ कोणाकडे आहे हे शासनाला ठाऊक होते, कारण ती आधीपासून प्रतिबंधित वर्गात होती; मिनी-१४ कोणाकडे आहे हे मात्र ठाऊक नव्हते. शस्त्रे परत घेण्याची मुदत तेव्हापासून वारंवार वाढविली गेली आहे.

भारतीय कायद्याचा निकष

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे. १८७८ च्या वसाहतकालीन कायद्याच्या जागी १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. नियमांनी अर्धस्वयंचलित रायफली सर्वसाधारणपणे निषिद्ध वर्गात टाकल्या आहेत. त्याखेरीज आणखी एक निकष आहे, तो म्हणजे काडतुसाचा. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्यात चालते ती रायफल, खटक्याची असली तरी, निषिद्ध बोअरची. म्हणूनच सरकारी आयुध निर्माणीत नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल तयार होते. शासकीय दारूगोळा चोरीस गेला तरी तो खासगी बंदुकीत चालू नये, हा यामागील हेतू स्पष्ट आहे आणि तो बऱ्याच अंशी साधलाही आहे. मात्र बाजाराने येथेही कायद्याच्या रेषेवरच आपले घर बांधले. .३१५ ची काडतुसे परवानाधारकांसाठी उपलब्ध असल्याने उत्तर भारतातील बेकायदा गावठी कट्टेही मोठ्या प्रमाणावर त्याच बोअरचे बनू लागले.

'सर्वसामान्य वापर' ही न्यायालयीन कसोटी

अमेरिकेत आता हा प्रश्न कायदेमंडळांपेक्षा न्यायालयांत अधिक आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत व्यक्तीचा शस्त्र बाळगण्याचा हक्क अभिप्रेत असल्याचे म्हटले. त्याचबरोबर जी शस्त्रे 'सर्वसामान्य वापरात' आहेत त्यांनाच हे संरक्षण आहे, 'धोकादायक व असाधारण' शस्त्रांना नाही, असेही सांगितले. २०२२ च्या ब्रुएन निकालाने बंदूकविषयक प्रत्येक निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट घातली.

या कसोटीत एक तार्किक वर्तुळ दडलेले आहे. मशीनगन आज असाधारण आहे, कारण १९३४ आणि १९८६ च्या कायद्यांनी ती असाधारण ठेवली. एआर-१५ सर्वसामान्य आहे, कारण १९९४ चा कायदा शिथिल होता आणि २००४ नंतर तोही उरला नाही. म्हणजे पूर्वीचा कायदा कडक असेल तर आजचा कायदा वैध आणि पूर्वीचा सैल असेल तर आजचा अवैध, असे होऊ लागते. २०१५ मध्ये इलिनॉय राज्यातील हायलंड पार्क या गावाच्या बंदीचा खटला ऐकताना सातव्या विभागीय अपील न्यायालयाने ही विसंगती नेमकी दाखविली होती. बंदीमुळे शस्त्र दुर्मीळ झाले, म्हणून बंदी घटनात्मक, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल, असा त्या निकालाचा आशय होता. त्या न्यायालयाने बंदी कायम ठेवली. त्याच गावात ४ जुलै २०२२ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर लष्करी धाटणीच्या रायफलीने गोळीबार होऊन सात जण ठार झाले. रायफल गावाबाहेर, राज्यात अन्यत्र कायदेशीररीत्या खरेदी केलेली होती. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये राज्यव्यापी बंदी आणली.

मेरीलँड राज्याच्या २०१३ च्या बंदीविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी सुनावणीस घेण्याचे नाकारले. तीन न्यायाधीश सुनावणीच्या बाजूने होते. त्यासाठी चार मते लागतात. चौथे न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ यांनी नकाराशी सहमती दर्शविली, परंतु न्यायालयाने येत्या एक-दोन सत्रांत हा प्रश्न हाती घ्यावा, असे स्वतंत्र निवेदनात नमूद केले. एआर-१५ पन्नासपैकी ४१ राज्यांत कायदेशीर आहे, या गोष्टीकडे त्यांनी त्या निवेदनात लक्ष वेधले आहे.